कोकिळेची बेकारीची तालीम

परभणी, ता. ११ डिसेंबर १९५३

ती. सौ. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. उद्धव अजून जिवंत आहे. पुढचा मजकूर वाचून त्याबद्दल तुला आश्चर्य वाटलं, तर ते रास्तच म्हणेन.

निजामाच्या रियासतीची सरहद्द पुसली गेली, तेव्हा सरहद्दीवरची जकात आता कशावर घ्यायची, हा प्रश्न सरकारला पाच वर्षांनी पडला. त्यामुळे आमच्या कचेरीत तखफीफ येणार, म्हणजे माणसं कमी होणार. मी आणि मुंजाजीराव असे दोनच अहलकार, म्हणजे कारकून, उरलो आहोत. एकाला महसुलात घेतील, दुसऱ्याला घरी पाठवतील. कोणाला, ते साहेब ठरवणार. माझी चाळिशी कधीच मागे पडली, हेमा मॅट्रिकला आहे, आणि माझ्या अमरकोशाला परभणीच्या मोंढ्याच्या बाजारात गिऱ्हाईक नाही.

पण तुझ्या भावजयीने, कोकिळेने, सरकारची वाट पाहिली नाही. तिचं म्हणणं, काटकसर नोकरी गेल्यावर शिकण्यापेक्षा आधीच अंगवळणी पाडावी. म्हणून दिवाळीपासून आमच्या घरात माझी नोकरी गेलेली आहे. मी रोज कचेरीत जातो, ते तिच्या लेखी हौसेखातर. तनखा आला की बहुतेक सगळा टपाल कचेरीच्या बचत खात्यात जातो, आणि उरलेल्यात आम्ही बेकार माणसांसारखे राहतो.

अक्का, पाठशाळेत इतकी वर्षं काढून किळस या शब्दाचा अर्थ मला कळला नव्हता. तो परसातल्या फुकटच्या अंबाडीने शिकवला. सकाळी अंबाडी, रात्री अंबाडी, एकादशीला सुटका. चहा गुळाचा. तो रोज फाटतो आणि गटारीत साबणाचं पाणी सोडावं तसा दिसतो. साबण म्हटला की आठवलं, तोही बंद. रिठ्याने धुतलेल्या माझ्या सदऱ्याला असा काही दर्प येतो, की मुंजाजीराव खिडकीकडे सरकून बसतात. हे गृहस्थ उधारीवर रेशमी सदरे घालतात आणि दुपारी हॉटेलात भजी खाऊन माझ्यासमोर बोटं पुसतात. माझी तपकीरही कोकिळेने काढून घेतली. हेमा म्हणते, बाबा आजकाल ताटाशी भांडायलेत.

दाजींस सा. नमस्कार. लोभ वाढवावा असं लिहायची रीत आहे. वाढवायचाच असेल तर कोकिळेला न कळता शेरभर तुपाच्या रूपाने वाढव.

तुझा,
उद्धव


बोरी, ता. २४ जानेवारी १९५४

चि. उद्धवास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तूप पाठवलं नाही आणि पाठवणार नाही. त्या गरीब गाईने एवढा बेत मांडला आणि तू तो मोडायला मलाच सांगायलास? लहानपणी शेपू दिसला की ओकायचास, तेव्हापासून तुझी जीभ लाडावलेली. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे हसून हसून खोकले. मग मी विचारलं, आपल्याकडे तपकिरीवर किती जातं? तर लगेच गोठ्यात काम निघालं.

आता आनंदाची बातमी. तुमच्या साहेबांच्या मंडळी, सुमंगलाबाई, यांचं माहेर आमच्या गल्लीतलंच. संक्रांतीला त्या आल्या होत्या. हळदीकुंकवाला आम्ही चार बायका बसलो होतो, आणि त्या परभणीच्या महागाईचं लय रडगाणं सांगायल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, माझ्या भावजयीकडून शिका. दिवाळीपासून तिचं घर तनख्याला हात न लावता चालायलंय. उद्या नोकरी गेली तरी माझ्या भावाच्या ताटात घास कमी पडायचा नाही. साऱ्याजणी तोंडात बोट घालून ऐकत होत्या. सुमंगलाबाईंनी तर दोनदा विचारलं, खरंच का हो? मी म्हटलं, अगदी खरं.

साहेबांच्या कानी तुमच्याबद्दल चार चांगले शब्द गेले म्हणजे तुझं काम होईलच. कोकिळेला माझी शाबासकी सांग. माया आहेच, चिडचिड तेवढी कमी कर.

तुझी,
अक्का


परभणी, ता. २५ फेब्रुवारी १९५४

ती. सौ. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. निकाल लागला. मुंजाजीराव महसुलात गेले, मी घरी आलो.

साहेबांनी खोलीत बोलावून बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, काम तुमचंच सरस, यात शंका नाही. पण मुंजाजीरावांनी गाठीला काही ठेवलेलं नाही, त्यांना काढलं तर बायकामुलं रस्त्यावर येतील. तुमच्या घरची घडी मात्र तनख्यावाचूनही बसलेली आहे, हे ऐकून फार समाधान वाटलं. अक्का, त्या समाधानी चेहऱ्याकडे पाहून मला जी शिसारी आली, तिच्यापुढे अंबाडी म्हणजे श्रीखंड. मुंजाजीरावांनी पेढे वाटले. मी खाल्ला. तो चांगला होता, याचाही संताप आला.

कोकिळा रडली नाही. आपण केलं ते चुकलं का, एवढं विचारलं. मी म्हटलं, नाही. त्याच पैशावर हेमाची मॅट्रिक होईल, आणि मी दोन घरी संस्कृत शिकवायचं ठरवलं आहे. मग तिने विचारलं, की आपल्या चुलीतली गोष्ट साहेबांपर्यंत नेली कोणी? मी सांगितलं, रिठ्याच्या वासावरून मुंजाजीरावांनीच ताडलं असणार. तिला ते पटलं. या गृहस्थांच्या नावावर एवढं सहज खपून जातं. होळीला येशील तेव्हा तेच पटू दे. संक्रांतीचा विषय काढू नकोस.

दाजींस नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच असू दे. फक्त चार बायकांत तो बोलून दाखवू नकोस.

तुझा,
उद्धव