सावरीच्या कापसाची पिशवी

बाई, परवा मुलानं मला नागपूरला बॅगांच्या दुकानात नेलं. त्याच्याकडे बंगळूरला जायचं आहे, तेही विमानानं, आणि विमानात सोबत न्यायची बॅग हलकीच हवी असा त्याचा धोशा. माझी जुनी बॅग म्हणे रिकामीच इतकी जड, की दोन लुगडी घातली की संपलं. दुकानातल्या माणसानं माझ्यापुढे बॅगा मांडल्या आणि एक पुढे सरकवून म्हणाला, "आजी, ही एका बोटानं उचलून पाहा ना. उचलली ते कळणार बी नाई." मी हात मागे घेतला. मुलगा हसला, त्याला वाटलं म्हातारी लाजली. त्याला काय ठाऊक! माझ्यापुढे गोंडपिपरीचा बाजार उभा होता आणि तिथं तू उकिडवी बसून पिशव्या उचलून पाहत होतीस.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणायचे. तुला मी आई न म्हणता बाईच म्हणायची. बाबा जंगलखात्यात नाकेदार होते आणि आपलं घर गावाच्या टोकाला, नाक्यालगत. तुझी बोटं चुलीशी भाजायची आणि तुला कळायचं नाही. करपल्याचा वास आधी मला यायचा. बाबांनी तुला चांद्याच्या डॉक्टरला दाखवून आणलं होतं, पण मला एवढंच सांगितलं होतं की बाई माहेरी जाणार, तिला पिशवी घ्यायची. दुकानदार पत्र्याची पेटी पुढे करतो, तू मान हलवतेस. एक पिशवी उचलतेस, ठेवतेस, दुसरी उचलतेस. मला वाटतं, हिला रंगच पसंत पडत नाही. मग तू तारेच्या मुठीची एक पिशवी उचलतेस आणि दुकानदार ओरडतो, "बाई, बोट कापलं ना तुमचं!" तू बोटाकडे पाहिलंस, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. पिशवीवर रक्ताचे थेंब पडले होते. दुकानदार आणखी काही बोलायच्या आत बाबांनी तुझा हात पदराखाली सारला आणि म्हणाले, "हीच द्या."

घरी आल्यावर त्यांनी ती तारेची मूठ कापून फेकली. पायाला गुंडाळायची त्यांची खाकी पट्टी होती, तिचा पट्टा करून पिशवीला शिवला. पिशवी खांद्याला अडकली की हात पदराखाली राहणार होते. ती इतकी हलकी हवी होती की वाटेत कोणाची मदत लागू नये, कारण मदतीला येणारा आधी हातांकडे पाहतो. मोटरीच्या कंडक्टरला नुसता संशय आला असता, तरी त्यानं तुला भर जंगलात उतरवलं असतं. चांद्यापर्यंत मोटर, तिथून आगगाडी आणि पुढे महारोग्यांचा दवाखाना, हे सगळं मला फार उशिरा कळलं. बाबा सोबत आले असते तर गावात शंका आली असती, आणि माझ्याजवळ राहायला दुसरं कोणी नव्हतं. तू एक लुगडं, एक तांब्या आणि फणी घातलीस आणि पिशवी बांधलीस.

पण शेजारीण आली. लाकडाच्या डेपोच्या चौकीदाराची बायको, भिंतीला भिंत लागून राहणारी, तुझ्यावर जीव असलेली. "वयनी, माहेराले चालली न् थैली अशी खाली काऊन? चारोळी नाई, मोहफुलं नाई, भावाच्या लेकरांले काईच नाई नेत?" खरंच होतं तिचं. वैशाखात आपल्याकडची बाई माहेरी निघाली की ओझ्यानं वाकलेली असायची. रिकाम्या हातानं आईच्या दारी कोण जातं? बाबांनी ती गेल्यावर बराच वेळ विचार केला. मग मला घेऊन नाक्यामागच्या सावरीखाली गेले. बोंडं फुटून कापूस सगळीकडे उडत होता. आम्ही तो ओटीभर गोळा करून पिशवीत दाबून भरला. पिशवी टम्म फुगली आणि वजन काही वाढलं नाही. तू हसलीस. "आता कशी माहेरवाशीण दिसते मी!" म्हणालीस. तुझं एवढंच हसू माझ्याजवळ शिल्लक आहे.

सकाळी शेजारीण मोटरीपर्यंत आली. भावाच्या लेकरांसाठी तिनं स्वतःच्या घरातली चारोळी पुरचुंडीत बांधून आणली होती. मोटर आली तशी, "सोड, मी देतो वर," म्हणत तिनं तुझ्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली आणि कंबर कसून उचलली. पिशवी अशी वर आली की ती मागच्या मागे पडता पडता राहिली. "काय भरलं व वयनी हे?" तू पदर हातांवर ओढून घेतलास. तिनं पिशवीकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि हात लुगड्याला पुसले. कंडक्टर घाई करत होता. तू वाकून पट्टा खांद्यात घातलास आणि कोणाचा हात न धरता वर चढलीस. चारोळीची पुरचुंडी तिच्याबरोबर परत गेली.

तिथं ती ओरडली नाही, एवढं तिच्या पदरात घालते. पण संध्याकाळपर्यंत विहिरीवर आपला दोर वेगळा झाला होता. बाबांनी बदली मागून घेतली आणि आम्ही सिरोंच्याकडे गेलो. तिथली भाषा तेलुगू, आम्हाला कोणी काही विचारलं तरी आम्हाला कळत नव्हतं, ते बरंच होतं. पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. बाबा एकटे जाऊन आले आणि इतकंच म्हणाले, "त्या कापसाची उशी केली होती तिनं." मी त्या शेजारणीवर वर्षानुवर्षं दात खाल्ले. बाबांवरही चिडले. तुला वाचवायला त्यांनी डोकं लढवलं आणि त्यांच्याच कापसानं तुला उघडं पाडलं. चपटी पिशवी घेऊन गेली असतीस, तर लोक फार तर कंजूष म्हणाले असते.

तू गेल्यापासून बाबा दर रविवारी मला अंगणात बसवायचे आणि बाभळीचा काटा घ्यायचे. "डोळे मीट," म्हणायचे. मग बोटांच्या टोकांना, कोपराला, पायाला काटा लावायचे. "लागलं?" "लागलं." त्यांचा चेहरा पाहवत नसे, म्हणून एकदा काटा टेकायच्या आधीच मी "लागलं" म्हटलं. त्यांनी माझ्यावर कधी नव्हे तो आवाज चढवला. "बाकी काईबी खोटं बोल. हे नाई." माझं लग्न ठरेपर्यंत तो काटा घरात होता.

तर परवा दुकानात मी ती एका बोटाची बॅग बाजूला सारली आणि खालच्या फळीवरची काढायला लावली. तिची मूठ अरुंद आणि कडक होती. "आई, ही तर जड आहे," मुलगा वैतागला. मी म्हटलं, टिकाऊ आहे. त्याची आजी माहेरी तापानं गेली असंच त्याला अजून माहीत आहे, आणि या वयात मी ते बदलणार नाही. हा कागद त्याच बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवते आहे. विमानतळावर वजन करतील तेव्हा तो काही जाणवायचा नाही. दुकानापासून गाडीपर्यंत मी बॅग कोणाला धरू दिली नाही. मूठ बोटांत रुतून लाल वळ उठला, आणि घरी येईपर्यंत मी चोरून तोच पाहत होते. लागलं, बाई. चांगलं लागलं.