लेसिचिना हिमनदी

२७ डिसेंबर
पोचले एकदाची! दक्षिण ध्रुवाकडच्या आमच्या बल्गेरियन तळावर खोल्या काड्यापेटीएवढ्या, पण घेवड्याचं सूप झकास. समोरच्या दोन सुळक्यांमधून समुद्राकडे उतरणाऱ्या हिमनदीला अजून नाव नाही. मी मोजणी करून नकाशा काढला की नाव सुचवायचा मान माझा. माझं ठरलंय: लेसिचिना. बाबांचं गाव, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. निघताना बाबा म्हणाले, नेदा, नकाशावर तरी परत आण गं. आणणारच!

२९ डिसेंबर
हिमनदीच्या काठी खुणेसाठी दगडी बुरूज रचतोय. वाऱ्याने दोनदा पाडला मेल्याने. आमचे म्हातारे वाटाडे चिचो स्तामेन, गवंड्याच्या घरातले. चिचो म्हणजे काका, तळावरच्या सगळ्यांचे. माझ्या पाठीमागे जमिनीवर दोरा धरून काहीतरी मापत होते. मी विचारलं, कोट शिवताय की काय मला? हसत दोरा गुंडाळून बुरुजाच्या पायाकडे गेले. तिसऱ्या खेपेला रचलेला बुरूज मात्र हलेना.

३१ डिसेंबर
लख्ख ऊन. सगळ्यांच्या सावल्या लांबच लांब, माझी हातभर. चिचोंना खनपटीला बसून विचारलं तेव्हा ओकले. जुने गवंडी पूल टिकावा म्हणून माणसाची सावली दोऱ्याने मापत, तो दोरा पुलाच्या पायात चिणत. पूल टिके, माणूस जाई. रडायलाच लागले, म्हणाले, बुरूज उभा राहीना गं पोरी, चुकलो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझी सावली काय वाटेवर पडलीय? उद्या बुरूज पाडणार.

२ जानेवारी
वादळ. बाहेर पडता येत नाही. जेवताना तळप्रमुख बोर्याना सहज म्हणाली, त्या नेदा नावाच्या हिमनदीवर बर्फ फार साचलाय. नियम इथे सगळ्यांना पाठ आहे, हिमनदीला जिवंत माणसाचं नाव द्यायचं नाही. मी ताट आपटलं. ओरडले, अगं, मी बसलेय ना समोर! कुणी हसलं नाही. बोर्याना माझ्या खुर्चीकडे बघत राहिली, रिकामी असल्यासारखी—

४ जानेवारी
ऊन. सावली नाहीच. बर्फाखालून हाक येते, माझ्याच आवाजात. ये म्हणते. येते ना, थांब! पहार घेतलीय—

बुरुजापाशी. दगड पाडले. दोरा सापडला. दुसरं टोक बर्फात— ओढलं. आतूनही कुणीतरी—

डाव्या मुठीत दोरा, उजव्या हाताने लिहितेय. ओढ, काय ओढायचं ते! सोडणार नाही. बाबा, नाव लेसिचिनाच. मी जिवंत आहे. ऐकताय ना सगळे? जिवंत माणसाचं नाव हिमनदीला देत—