लिफ्टमध्ये अडकलेल्या बापाची गोष्ट

४ मार्च
साहेबांनी बोलावलं. बारा मजली सोसायटी आमच्याकडचा लिफ्ट-देखभालीचा करार मोडायच्या बेतात आहे. शनिवारी त्यांच्या कमिटीपुढे प्रेझेंटेशन मी द्यायचं. करार गेला तर तुम्हीही गेलात, असं साहेब हसत म्हणाले. मीही हसलो. अजिबात घाबरलो नाही. डबा तसाच परत आणला तो भाजी आवडत नाही म्हणून.

५ मार्च
नुसते आकडे दाखवले की लोक पेंगतात. व्हिडिओ बघून माइंड मॅप शिकलो. मधोमध गोल काढायचा, त्यातून फांद्या, आणि मनात येईल ते बेधडक लिहायचं. गोलात लिहिलं, लिफ्ट. फांद्या: दोर, अंधार, अडकणे, नोकरी, सासरे. सासऱ्यांना आणखी बऱ्याच फांद्या फुटल्या. बायकोने विचारलं, हे लिफ्टबद्दलच आहे ना? तिला क्रिएटिव्ह प्रोसेस कळत नाही.

६ मार्च
व्हिडिओवाला सांगतो, स्लाइडमधून गोष्ट सांगा. नायक हवा, संकट हवं, शेवटी सुटका. माझा नायक: कामावरून घरी निघालेला बाप. संकट: दोन मजल्यांच्या मधेच लिफ्ट बंद. सुटका: आमचा मेकॅनिक. संकटाच्या स्लाइड्स झकास जमल्यात. सुटकेची उद्या करू.
संध्याकाळी सोसायटी बघून आलो. बाराव्यापर्यंत जिन्याने. मी लिफ्टला घाबरतो असं आमचे मेकॅनिक बोलतात. साफ खोटं. जिना व्यायामासाठी.

७ मार्च
घरी तालीम. दुसऱ्याच स्लाइडला मुलगी आईच्या कुशीत शिरली. म्हणजे गोष्ट पकड घेते! बायको म्हणाली, त्या माणसाला बाहेर तरी काढा. काढणार आहे. सकाळी.

८ मार्च, शनिवार
हॉल तळमजल्यावर. पहिल्या रांगेत अध्यक्षबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, राहायला बाराव्या मजल्यावर, गुडघे कामातून गेलेले. कुणी मोबाइलकडे बघितलं नाही. अंधाराच्या स्लाइडला खजिनदार उठून उभे राहिले. मीही बोलता बोलता दाराजवळ सरकलो. पुढे स्लाइडच नव्हती, सुटका करायची राहून गेली होती. धन्यवाद म्हणून बसलो.
टाळ्या नाहीत. भारावले असणार. मग अध्यक्षबाई सोडून अख्खी कमिटी जिन्याने वर गेली. मंडळींना फिटनेसची आवड दिसते.

१० मार्च
साहेबांचा फोन. सोसायटीला लिफ्टच नको झालीय. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून मिळेल का, अशी चौकशी आलीय. अध्यक्षबाई शनिवारपासून तळमजल्यावर मैत्रिणीकडे मुक्कामाला आहेत. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत आणि जिना त्यांना झेपत नाही. त्यांना लिफ्टने घरी पोचवा, नाहीतर राजीनामा आणून द्या, असं साहेब म्हणाले. या वेळी हसले नाहीत.
मला भीती वाटतेय. नोकरीची. आणि, लिहूनच टाकतो, लिफ्टची.

११ मार्च
बाईंना ऐटीत म्हटलं, चला, मी आहे ना सोबत. दार लागलं आणि मी कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटलो. डोळे गच्च मिटले. बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, घाबरू नकोस बाळा, तेराचा पाढा म्हण. म्हटला. मध्ये चुकलो, त्यांनी सुधारला. दार उघडलं तेव्हा बारावा मजला आला होता.
बाईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला. करार चालू ठेवू, पण यापुढे मेकॅनिक पाठवा, गोष्टवाले नकोत.
नोकरी वाचली. मी जिन्याकडे वळलो तर बाईंनी विचारलं, खाली सोडायला येऊ का?
हो म्हणालो.