डबीसकट वजन

४ मार्च, सोमवार
विसरलीस ना वहीबाई, मागचं सगळं? तुझं काय, पान उलटलं की झालं! मी अंगठेबहाद्दर, पण मला सगळं पाठ. मी सांगतेय, नात लिहितेय. ऐक पुन्हा — माझ्या नातवाला, म्हणजे हिच्या थोरल्या भावाला, नशेच्या पावडरीसकट पकडून चार महिने झाले. बोका आमचा. "बोका नको गं लिहायला, आजी!" म्हणते. लिही!

५ मार्च
वकीलबाई येऊन गेल्या. "आजी, सगळं वजनावर आहे. पन्नास ग्रॅमच्या वर सापडली तर कोर्ट त्याला विकणारा धरणार. दहा वर्षं. खाली असती तर नुसता घेणारा." बोक्याची भरली छप्पन्न. चमचाभर तेलाएवढ्या फरकानं दहा वर्षं!
नात रडतेय. अगं, वहीवर नको. उद्या वाचून कोण दाखवणार?

८ मार्च, शुक्रवार
वकीलबाईंना विचारलं, पावडर होती कशात? "खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत." आणि तोलली कशी? बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. डबीसकट!
मला हसूच फुटलं. चाळीस वर्षं सुटं तेल विकलं मी. गिऱ्हाइकाची किटली आधी रिकामी तोलायची, तिच्या वजनाएवढा धडा दुसऱ्या पारड्यात टाकायचा, मगच तेल ओतायचं. नाहीतर बायका उभी सोलतील! बाई चहा टाकून पळाल्या.

९ मार्च
नात आज हसली. तेव्हा दिसलं — दाढ किडलीय.

१३ मार्च, बुधवार
कोर्टात सोनाराचा काटा आला. रिकामी डबी अडतीस. पावडर अठरा! डबीसकट तोलणारे फौजदारसाहेब पंख्याकडे बघत बसले. मी बाकावरून म्हटलं, "साहेब, माझ्या दुकानात एक दिवस टिकला नसतात!" शिपाई ओरडला, "आजी, गप्प!" जजसाहेब कागदाआड हसले. मी पाहिलं.
निकाल उद्या. वकीलबाई म्हणाल्या, "हमी लिहून द्या आणि घरी घेऊन जा." त्याची खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं.

१४ मार्च
जज म्हणाले, हमीवर घरी जा. बोका उभा राहिला. "साहेब, घरी नको. घरी गेलो की परत घेणार, मला ठाऊक आहे. व्यसनमुक्ती केंद्रात पाठवा." मी हमीचा कागद घडी करून पिशवीत टाकला — हेही लिही. चार महिन्यांत पोरगं पहिल्यांदा खरं बोललं! जजसाहेबांनी मान्य केलं — वर्षभर केंद्र.
पोरी, रविवारी उकडलेली अंडी पाठव. सहा त्याला, चार तिथल्या स्वयंपाकिणीला. मीठ मात्र नको हं — पांढरी पूड म्हणून काही पाठवायची नाही!