विम्याने न विचारलेलं

लॅन्सिंग, ३ नोव्हेंबर २०२०

ती. लेम्पीताईस,
उर्होचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे ठीक आहोत. तुझ्या भावजयीने, मार्लीनने, तुझ्यासारखा वेलदोड्याचा पाव करायचा चंग बांधला आणि दाराला अडकण म्हणून लावता येईल असा ठोकळा तयार झाला. मी असं म्हटल्याचं तिला कळवू नकोस.

कामाचं असं, की आपल्या राज्यात गाडीच्या विम्याचा कायदा बदललाय. पूर्वी उपचारांच्या खर्चाला मर्यादा नसलेला विमा सगळ्यांनाच घ्यावा लागे, आता मर्यादा आपणच निवडायची. एजंट म्हणतो, तुम्हा दोघांना म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा आहेच, तेव्हा उपचारांचा भाग काढूनच टाका. आपल्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर त्यासाठी जे संरक्षण असतं, तेही कायद्यात बसेल तितकं खाली आणा. हप्ता बराच उतरतो. तुला यातलं कळतं. काय करू?

अर्वोभावोजी काही बोलले तर कळव.

तुझी माया मागणारा,
उर्हो


कॅल्युमेट, ११ नोव्हेंबर

चि. उर्हो यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

यातलं मला कशामुळे कळतं, ते तुला ठाऊक आहे. तुझा सरकारी विमा तुला इस्पितळातून घरी आणून सोडेल. पुढे जन्मभर तुला उचलायचं कुणी, कूस बदलायची कुणी, हे तो बघत नाही. अपघातापासून अर्वोचं ते सगळं गाडीच्या विम्याने केलं. चूक कुणाचीही असो, ज्याचा त्याचा विमा ज्याचे त्याचे उपचार भागवतो, आणि त्या काळी त्याला मर्यादा नव्हती, म्हणून आम्ही तगलो.

दुसरा भागही कमी करू नकोस. तुझी गाडी घसरून कुणी अर्वोसारखा आडवा झाला, तर तो कोर्टात जाऊ शकतो. विम्याची मर्यादा संपली की पुढे तुझं घर. मी अर्वोच्या अपघातातल्या त्या दुसऱ्या गाडीवाल्यावर दावा लावला नाही. बर्फावर आधी कोण घसरलं, हे पोलिसांनाही सांगता आलं नाही.

आता एक वेड्यासारखं लिहिते, मार्लीनला वाचून दाखवू नकोस. अर्वो एरवी दिवस दिवस बोलत नाही. पण पहिला बर्फ पडला की खिडकीकडे बघून म्हणतो, ती गाडी उभी आहे. मी दारात जाऊन पाहते, तर रस्ता पांढरा, रिकामा. दरवर्षी हेच. यंदा मी पाहायला गेलेच नाही, कारण मला वाटलं, या वेळी ती दिसेल. पडदा ओढून बसले, तरी इंजिनाची घरघर ऐकू येत होती. सकाळी वळणापलीकडे चाकांच्या खुणा होत्या. तिथे कुणाचंच घर नाही.

जपून राहा. मला विसरू नकोस.
लेम्पीताई


लॅन्सिंग, १८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उपचारांना मर्यादा नको आणि दुसऱ्याच्या इजेचा आकडाही खाली नको, असं एजंटला सांगून आलो. तो म्हणाला, तुम्ही फारच भित्रे दिसता. मी म्हटलं, माझी थोरली बहीण तुम्ही पाहिलेली नाही.

पण त्या खुणांनी माझी झोप उडवली. मार्लीनला वाचून दाखवलंच, रागावू नकोस. ती म्हणते, दाराला आतून कडी लावत जा. मला मात्र वेगळंच विचारायचंय. त्या दुसऱ्या गाडीत कोण होतं, ते तुला कधी कळलं का गं?

लगेच लिही. मायेत अंतर नको.
उर्हो


कॅल्युमेट, २९ नोव्हेंबर

चि. उर्हो यास,
अनेक आशीर्वाद.

कळलं.

परवा पुन्हा बर्फ पडला. अर्वो म्हणाला, आली. मी कोट चढवला आणि थेट वळणापर्यंत चालत गेले. झाडांमागे गाडी होती. दारातून ती मला कधीच दिसली नसती, पण पलंगावरून अर्वोला फांद्यांमधून तिचे दिवे दिसत असणार. काचेवर टकटक केली. आत माझ्याच वयाचा एक माणूस, ओठ काळेनिळे पडलेले. लाइल नाव. तोच तो दुसरा गाडीवाला. दर हिवाळ्यात येऊन बसायचा आणि आमच्या घरात दिवा लागला की निघून जायचा.

त्याला स्वयंपाकघरात आणलं, कॉफी दिली. म्हणाला, त्याच्या विम्याने त्याचं भागवलं, आमच्याने आमचं, आणि प्रकरण मिटलं. चूक कुणाची, हे विम्याने त्याला विचारलंच नाही. तो स्वतःलाच विचारत राहिला, आणि उत्तर रोज वेगळं येतं. मग म्हणाला, बाई, मला एकदा शिव्या द्या.

उर्हो, किती वर्षं मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत आले! आणि आता एक आठवेना. शेवटी ओरडले ते एवढंच, की मेल्या, इतके हिवाळे बाहेर गारठत कशाला बसलास! तो टेबलावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला.

आतून अर्वोने विचारलं, कोण रडतंय. मी खरं ते सांगितलं. त्याने लाइलला आत बोलवायला सांगितलं. लाइल पलंगापाशी उभा राहिला, टोपी हातात चुरगाळत. अर्वोने विचारलं, तुम्हाला फार लागलं होतं का?

लाइल म्हणाला, खांदा. अजून दुखतो.

अर्वो मला म्हणाला, कपाटातलं चोळायचं औषध आण.

मार्लीनला आशीर्वाद. तुम्हा दोघांची माया आटू देऊ नका.
लेम्पीताई