एक जूनची माणसं

सिडको, नाशिक
रविवार, २४ मे १९८७

ती. स्व. रंगनाथराव भाऊसाहेब यांच्या सेवेशी,

धाकट्या साडूचा, म्हणजे पुंजारामचा, साष्टांग नमस्कार. (आठांतली सात अंगं मनापासून वाकली आहेत. आठवं म्हणजे उजवा गुडघा. तो तुमच्या पंचवटीच्या घराचा जिना चढून-उतरून धरलाय, त्याला माफी असावी. जेव्हा जेव्हा आलो तेव्हा दाराला कुलूप होतं. शेवटी खालच्या भाजीवालीला दया आली आणि तिनं सांगितलं की मंडळी रजा टाकून मोहाडीला गेली.) आपली तब्येत बरी असेलच, कारण रागावलेल्या माणसाची भूक चांगली असते. साळूअक्कांचा दमा कसा आहे? तुमच्या धाकट्या भावाची द्राक्षबाग कशी आहे? छाटणी त्याने तुमच्या सल्ल्याने केली असेल तर बागेविषयी विचारत नाही.

आपण माझ्याशी बोलत नाही हे मला ठाऊक आहे. पण साळूअक्कांनी आमच्या कुसाजवळ तुमचा निरोप दिला, तो तिने मला शब्दन् शब्द सांगितला: "पुंजाराम त्या काम्पुटरात शिरलाच कसा, येवढं इचार त्याला. लय दिवस डोकं खातंय." म्हणून हे पत्र. भाऊसाहेब, मी शिरलो नाही. मला मागून ढकललं, आणि माझ्या मागे दार लावून घेतलं.

लहानपणी शाळेत साहेब आले की मोठेपणी कोण होणार असं विचारायचे. कोणी फौजदार म्हणायचा, कोणी मास्तर, कोणी एसटीचा ड्रायव्हर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढून पोट भरीन असं कोणी म्हणालं असतं तर मास्तरांनी तिथंच अंगठे धरायला लावले असते. ही लाईन कोणी मागून घेत नाही. जो माणूस सगळ्याच खात्यांना नकोसा होतो, त्याला तिथे नेऊन बसवतात. आता मी नकोसा का, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्या वास्तुशांतीला मी फरशीवर गोटी ठेवली आणि ती थेट मोरीपर्यंत गेली, हे तुम्ही अजून विसरला नाहीत. (मोरीकडे उतार असावाच लागतो, असं तुम्ही चारचौघांत म्हणालात. मान्य. पण मी गोटी देवघरात ठेवली होती.) माझा स्वभावच तसा आहे. मला वाकडं दिसतं. दिसलं की बोलतो. बोललो की माणसं तुटतात. इन्स्पेक्शन खात्यात निदान ह्याच स्वभावाचा पगार मिळायचा. खिडकीजवळचं टेबल, समोर माल, हातात मापाचं गेज. गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर लाल रंगाचा एक फटकारा मारायचा आणि बाजूला टाकायचा. त्या टेबलावर मी सुखी होतो. असलं सुख कोणाला सांगायची सोय नसते, कारण ऐकणारा हसतो.

मग मागच्या वर्षी मार्चअखेर आली. साहेबांना एक लॉट काहीही करून गाडीत चढवायचा होता, आणि मी त्यातल्या निम्म्या शाफ्टना लाल रंग लावून बसलो होतो. साहेब म्हणाले, केसाएवढा तर फरक आहे. मी म्हणालो, साहेब, केस डोक्यावर शोभतो, बेअरिंगमध्ये नाही. (हे बोलायला नको होतं. साहेबांना टक्कल आहे हे माझ्या लक्षात बोलून झाल्यावर आलं.) दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. पुण्याची एक कंपनी त्यावर हजेरीचा प्रोग्रॅम बसवत होती, आणि तो बरोबर चालतो की नाही हे बघायला कोणीतरी हवं होतं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याला चुकाच काढायची हौस आहे ना? मग त्या डबड्याच्या काढू दे." झाली माझी नेमणूक. ह्या कामाला 'टेस्टिंग' म्हणतात, असं मला तिथे गेल्यावर कळलं.

त्या खोलीत थंड हवेचं मशीन, त्यामुळे चपला बाहेर काढायच्या. पडद्याला हळदकुंकू लावलेलं, कडेला उद्घाटनाचा नारळ. पंचवटीतल्या देवळाबाहेर चपला सांभाळायला एखादी बाई तरी असते, इथे तीही सोय नाही. पहिल्याच आठवड्यात माझे नवे बूट गेले आणि त्यांच्या जागी कोणाचे तरी फाटके आले. ते वर्षभर मी घालतो आहे. कॅन्टीनमध्ये माणसं माझ्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, काय पुंजाराम, कॉम्प्युटरवाले झाले! आत पुण्याच्या कंपनीचा सबनीस नावाचा इंजिनियर बसायचा. त्याने पहिल्या दिवशी मला सांगितलं की तुम्हाला काहीच येत नाही हीच तुमची पात्रता. अडाणी माणूस कुठलं बटन कुठे दाबेल, ते दाबून दाखवा. मी इन्स्पेक्टर होतो, भाऊसाहेब. मला गाढवपणा करायला पगारावर ठेवलं, आणि ह्या कामात मी हुशार निघालो.

आता तुमच्या-माझ्यातल्या भानगडीचं मूळ. तुम्ही टाइम ऑफिसचे मुख्य. साऱ्या कारखान्याची हजेरी तुमच्या खिडकीतून जायची. साहेबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की मशीन पास झालं की टाइम ऑफिस बंद. धाकटे कारकून पॅकिंगला जातील, पंचावन्नच्या वरचे नारळ घेऊन घरी. मशीन पास झालं हे सांगणारी सही माझी. म्हणजे जोवर मी चुका काढतोय तोवर तुमची खिडकी उघडी. म्हणून तर तुम्ही, ज्यांनी वास्तुशांतीपासून माझ्याशी धड शब्द काढला नव्हता, ते एकदम मला 'आमचे पुंजारामपंत' म्हणायला लागलात.

पहिली चूक मी काढली ती रात्रपाळीची. माणूस रात्री अकराला आत येतो आणि सकाळी सातला बाहेर पडतो. मशीन म्हणालं, हा गृहस्थ यायच्या आधीच गेला. सबंध रात्रपाळी गैरहजर! त्या दिवशी तुम्ही खिडकीतून हात काढून मला भेळभत्ता दिलात. खोटं कशाला सांगू, मला गहिवरून आलं होतं. मग तुम्ही रोज एकेक अडचण माझ्या कानात सांगायला लागलात. वीज नाही म्हणून रविवारची सुट्टी गुरुवारी द्यायची, आणि गुरुवारी सण आला की ती परत रविवारी न्यायची, हे त्याला टाकून बघ म्हणालात. टाकलं. त्याने जनरल मॅनेजरसकट सगळा कारखाना बिनपगारी केला. मग म्हणालात, फाउंड्रीत दोन सहादू भिकाजी शिंदे आहेत, त्यांना घाल. नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव एक. सबनीस म्हणाला, जन्मतारीख तर वेगळी असेल? मी म्हणालो, बघा. दोघांचीही एक जून. त्याला वाटलं मी चुकीचं टाकलं. मग त्याने सगळ्यांच्या तारखा चाळल्या. कारखान्यातली जवळजवळ निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुण्यात आईबापांना तारखा ठाऊक असतात. खेड्यात बाप पोराला शाळेत नेऊन उभा करायचा, मास्तर पोराचे दात बघायचे, आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे, हे त्याला मी अर्धा दिवस समजावून सांगत होतो. तोवर मशीनने दोन सहादूंचा एक सहादू केला होता आणि तो एकटा दिवसपाळी-रात्रपाळी दोन्ही करत होता. टाइम ऑफिसात त्या दिवशी भजी तळली गेली.

भजी खाताना तुम्हाला कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. मी चूक दाखवायचो, तुम्ही हसायचात, आणि सबनीस ती वहीत उतरवून चार दिवसांत दुरुस्त करायचा. रात्रपाळी त्याला समजली. सरकणारी सुट्टी समजली. दोन सहादू वेगळे झाले. तुमच्या डोक्यातली एकेक खाचखोच मी त्याला नेऊन घातली. मशीन पाडतोय असं आपल्याला वाटत होतं, आणि आपण त्याला तुमचं काम शिकवत होतो. फेब्रुवारीत सबनीस मला म्हणाला, तुमचे रंगनाथराव भेटले नसते तर आमचा प्रोग्रॅम आणखी दोन वर्षं उभा राहिला नसता, त्यांना आमच्या कंपनीतर्फे एक घड्याळ द्यायचं आहे. टाइम ऑफिसच्या माणसाला घड्याळ! मी तसाच तुमच्या खिडकीशी आलो आणि जे समजलं ते सांगितलं. आता वाटतं, गप्प बसलो असतो तर? पण वाकडं दिसलं की मी बोलतो. तुम्ही खिडकी लावून घेतलीत, ती लावलीत. कारकून माझा चहा बंद करून बसले. कुसा म्हणाली, माझ्या बहिणीच्या घरावर नांगर फिरवलात. सबनीस मात्र माझ्यावर खूष होता, ते सगळ्यात जास्त झोंबलं.

मे महिना आला. मशीनमध्ये चूक सापडेना. मी शोधली, देवाशपथ शोधली, रोज बटनं बडवत बसलो. साहेबांनी वर आमिष दाखवलं: महिनाअखेर मशीन पास कर, तुला परत इन्स्पेक्शनला घेतो, तेच खिडकीजवळचं टेबल. आणि एक जूनपासून कारभार मशीनकडे. अडलं होतं फक्त एका जागी. सगळ्यांच्या तारखा भरल्या, एक रिकामी. तुमची. तुमच्या कार्डावर त्या जागी तेलाचा डाग आहे. (कार्ड तुमच्याच ताब्यात असायचं आणि भजीही तुमचीच, त्यामुळे जास्त बोलत नाही.) तुमच्या जन्माचा दाखला बाकी कोणाकडे नाही, तुम्ही मोहाडीला, आणि रिकामी जागा मशीन पुढे सरकू देत नाही. तुम्ही पळालात ते त्याचसाठी, हे मला समजत नाही असं समजू नका. पण साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत तारीख आली नाही तर रंगनाथरावांना पंचावन्नच्या वरचं धरा. तुमचं अठ्ठावन्नावं चालू आहे हे उभ्या पंचवटीला माहीत आहे. मला तर लग्नापासून माहीत आहे.

काल शनिवार होता. मी तारीख भरली आणि सही केली. मशीन पास झालं. टाइम ऑफिस एकतीस तारखेला बंद होतंय. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहिलं. ह्या लाईनीत माणूस असा येतो. साळूअक्कांना नमस्कार, बागेत जे कोणी लहान असेल त्याला आशीर्वाद. राग कमी करू नका, तो रास्त आहे.

आपला,
पुंजाराम

ता. क. तुमची जन्मतारीख मी १ जून १९३७ अशी भरली. म्हणजे उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी तुम्हाला पन्नास पूर्ण होतात, आणि तुम्ही घरी न जाता पॅकिंगला जाता. त्याच कार्डावर वारस म्हणून तुमच्या थोरल्या भिकनचं नाव आणि वय आहे. त्या हिशेबाने भिकन झाला तेव्हा तुम्ही तेरा वर्षांचे होता. बाप आणि मुलगा यांच्यात किती अंतर आहे हे मशीन बघत नाही. बघायला हवं, हे काल तारीख भरताना माझ्या लक्षात आलं. सबनीसला मी सांगितलं नाही. आजवर माझ्या हाताखालून वाकडा माल गेला नव्हता, भाऊसाहेब. तो तुमच्यापायी गेला. ह्याबद्दल मी तुम्हाला कधी माफ करीन असं वाटत नाही.

ता. क. दुसरा. साहेब शब्दाला जागले. इन्स्पेक्शनचं टेबल परत देऊ केलं. मी नको म्हणालो. माझ्यामागून ह्या खुर्चीवर जो बसेल तो थोडा जरी कामाचा असला तरी आठवड्यात तुमची तारीख पकडेल. तेव्हा तुम्ही रिटायर होईपर्यंत मला इथून उठता येणार नाही. मशीनच्या मते त्याला अजून आठ वर्षं आहेत. बूट नवे घ्यावे लागतील.

ता. क. शेवटचा, आणि मुख्य काम. सोमवारी एक जूनला सकाळच्या पाळीला हजर राहा. निम्म्या कारखान्याचा वाढदिवस आहे, गर्दीत तुमच्याकडे कोणी फार बघणार नाही. तरी येताना मिशीला कलप लावून या. पुडी कुसाने मोहाडीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ साळूअक्कांच्या नावाने दिली आहे. आणि भुवया विसरू नका. भिकनच्या लग्नात मिशी काळी आणि भुवया पांढऱ्या राहिल्या होत्या. तेव्हाही मी बघितलं होतं, बोललो नव्हतो.