वॉर्ड ऑफिसमधली भेट

ओजिमा, टोकियो

सुप्रभाताई,

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण वाचलंस तर लगेच परत बोलावशील. कंपनीनं माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. आज वॉर्ड ऑफिसात घरभाड्याच्या मदतीसाठी अर्ज केला. तिथल्या मोरिता-सान साधारण तुझ्याच वयाच्या. "जेवता ना वेळेवर?" त्यांनी विचारलं. कित्येक दिवसांनी माझ्याशी कुणी बोलत होतं. मी त्यांना आईच्या थालीपिठाबद्दलही सांगत बसलो.

मदत मिळेल म्हणाल्या. मग ओशाळून म्हणाल्या, "पण नोकरी लागेपर्यंत महिन्यातून एकदा मला येऊन भेटावं लागेल. तुम्हाला उगाच हेलपाटा."

ताई, मी विचारलं, "दोनदा आलो तर चालेल?"

तुझा,
रणजित